पिवळ्याची वैरीण

मी टवटवी बोलतेय. दचकू नका. दचकायची पाळी खरं तर माझी आहे, आणि ती अजून सरलेली नाही. छाती नसताना धडधडणं म्हणजे काय ते मला विचारा!

मी एक प्रीसेट. ही कोण बया, असं म्हणण्याआधी जरा ऐकून घ्या. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना प्रत्येक दृश्याचे रंग नव्याने जुळवत बसायला सवड नसते. म्हणून ते एकदाच मनासारखे रंग जुळवतात आणि ती सगळी मापं एका फाइलीत बांधून ठेवतात. पुढच्या वेळी त्या फाइलीवर नुसतं क्लिक केलं की नवं दृश्यही तसंच रंगतं. ती फाइल म्हणजे मी. जीव एवढासा, एका फोटोएवढीही जागा मी अडवत नाही. पण काम म्हणाल तर भल्याभल्यांची तोंडं बदलून टाकते.

माझा जन्म वैतागातून झाला. माझी मालकीण एका छोट्या स्टुडिओत एडिटर आहे. खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही. आमच्या खोलीला काळे पडदे आणि राखाडी भिंती. भिंत रंगीत असली की पडद्यावरचा रंग डोळ्यांना खोटा दिसतो म्हणे! खरा रंग दिसावा म्हणून एवढा खटाटोप करणारी ही माणसं, आणि त्यांच्याच हातून पुढे काय घडलं ते ऐकाल तर तोंडात बोट घालाल.

तर तेव्हा एका लग्नाचं चित्रीकरण आलं होतं. त्या हॉलमधले दिवे इतके पिवळे, की नवरा-नवरी, काका-मामा, वाढपी, झाडून सगळे पिवळेधमक दिसत होते. शेजारच्या खुर्चीवर दुसरा एडिटर बसतो. त्याच्या झुपकेदार मिशांमुळे सगळे त्याला मिश्या म्हणतात. तो मान वळवून बघतो काय आणि खो-खो हसत म्हणतो काय, "ताई, हे लग्न आहे की काविळीचा वॉर्ड?"

मालकीणही हसली. आता तो विनोद आठवला की अंगावर काटा येतो.

ती दुपारभर खपली. चेहऱ्यातला पिवळा उचलून तिने गुलाबीकडे नेला. डोळ्यांतला, दातांतला, जुन्या कापडातला मळकट पिवळा पुसून पांढरा केला. जे मुळातच पांढरंशुभ्र आहे त्याला मात्र हात लावला नाही. माझी खरी करामत तीच. पांढरा पांढराच राहतो, त्यामुळे मध्ये कुणी लुडबुड केली आहे असा संशयसुद्धा येत नाही. काम झाल्यावर तिने खुर्ची मागे सरकवली, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "आता कशी माणसं टवटवीत दिसतात!" तेच माझं नाव पडलं. टवटवी.

मग तिने मला सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं, सॉफ्टवेअर बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि मी यादीत अवतरले. शेजारपाजार बघून मी थक्कच झाले! वर "सोनेरी संध्याकाळ", खाली "जुना सिनेमा", आणि त्यांच्यामध्ये "फायनल", "फायनल नवा", "खरंच फायनल", "हाच घ्या". ज्यांना स्वतःच्या लेकरांची नावं नीट ठेवता येत नाहीत अशा लोकांत मी येऊन पडले होते.

पण माझा भाव वधारला. लग्न आलं की टवटवी, साबणाची जाहिरात आली की टवटवी. मिश्याने तर एकदा मांजरीवरही मला लावलं. मी पिवळ्याची वैरीण. दिसला पिवळा की गिळला, एवढंच मला येतं.

मग एके दिवशी मालकिणीने मला घरच्या कामाला लावलं.

तिचे आईवडील दूरच्या गावी राहतात. वडिलांनी जन्मभर पुस्तकं बांधली. फाटकी, वाळवी लागलेली, कणा मोडलेली पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि नवा पुठ्ठा लेवून परत जायची. दुकान बंद केल्यावर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायला लागले. आई कावली. तेव्हा मालकीण म्हणाली, "बाबा, काम करताना मोबाईलवर चित्रीकरण करा आणि मला पाठवा. मी व्हिडिओ बनवते. लोक बघतील, शिकतील." बाबा आधी नाही-नाही म्हणाले आणि मग असे सुटले की बस! खिडकीजवळचं टेबल, त्यावर फाटकं पुस्तक, सुई-दोरा, दाभण, खळीची वाटी, नव्या पांढऱ्या कागदाचा गठ्ठा, आणि मागे बाबा. दर आठवड्याला एक व्हिडिओ.

मालकिणीने त्यांच्यासाठी एक तयार प्रोजेक्ट करून ठेवला. त्यात क्लिप टाकली रे टाकली की ती आपोआप माझ्यातून जायची. म्हणजे बाबांचा चेहरा लेकीला दिसायचा तो आधी माझ्या हाताखालून जाऊनच. मोठा मान होता तो. मला वाटायचं, घरच्यासारखं आहे हे.

बाबांनी एकदा तक्रारही केली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"ठकू, अगं त्या जुन्या पुस्तकाची पानं पांढरी कशी झाली? मी पुस्तक बांधतो, धुतो नाही!"

ठकू म्हणजे माझी मालकीण. ती हसून म्हणाली, "बाबा, लोकांना स्वच्छ बघायला आवडतं. तुम्हीपण कसे छान दिसता बघा त्यात."

"ते मात्र खरं," बाबा खूश होऊन म्हणाले. "तुझी आई म्हणते, इतका देखणा नवरा आपला आहे हे तिला मोबाईलवरच कळलं."

"व्हिडिओ कॉल करा ना मग," ठकू म्हणायची. ते करायचेही. पण सवयीप्रमाणे फोन उचलून कानाला लावायचे, आणि ती आपली वडिलांच्या कानातल्या अंधाराशी गप्पा मारायची. किती वेळा सांगितलं, "बाबा, फोन समोर धरा." "हो हो," म्हणायचे, की फोन पुन्हा कानाला!

मग बाबांचं एक नवंच सुरू झालं. काम करता करता ते मध्येच दंड खाजवायचे, पोट खाजवायचे, मान खाजवायचे. शिवण चाललेली आणि मध्येच सुई ठेवून खरारा. मालकीण वैतागली. "काय हो बाबा, सारखं काय खाजवता? कापून कापून माझे हात दुखले."

"खळ लागते गं अंगाला," ते म्हणाले. "कापून टाक तेवढं."

तिने कापून टाकलं. दर व्हिडिओतून खाजवण्याचे तुकडे उडवले. इतकी सफाई, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस ध्यानाला बसलाय. आणि उरलेला पिवळा मी पुसत होते.

माझ्या ताटात पिवळा दर आठवड्याला जास्त येत होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी काय समजणार? ऊन बदललं असेल, दिवा बदलला असेल. आणि समजलं असतं तरी मला तोंड कुठे आहे सांगायला!

इकडे स्टुडिओत मिश्याने कहर केला. कुठून तरी प्रीसेटचा एक भलामोठा गठ्ठा उतरवून घेतला आणि सरळ आमच्या फोल्डरमध्ये ओतला. यादी उघडली तर तळच दिसेना. "अरे, हे काय केलंस?" मालकीण ओरडली.

"फुकट होते ताई!" हा शहाणा म्हणतो.

फुकट मिळालं म्हणून माणूस घरात काय काय भरून ठेवतो, ते बघून मी चाटच पडते. त्या गर्दीत मालकिणीचा हात चुकला, दुधाच्या जाहिरातीला भलतीच कुणीतरी लागली आणि दूध हिरवट झालं. ते तसंच गिऱ्हाइकाकडे गेलं. गिऱ्हाइकाने फोनवर जी काय खरडपट्टी काढली ती इथे सांगण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीण पदर खोचून बसली. नवे फोल्डर केले, त्यांना नावं दिली: लग्नं, जाहिराती, घरचं, कचरा. एकेकीला उचलून ती जागेवर ठेवत गेली. सगळ्या "फायनल" बाया कचऱ्यात गेल्या, मला कोण आनंद झाला! मी "घरचं" मध्ये गेले. निगुतीने केलेलं काम, कुणीही कौतुक करावं असं. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानातून निसटली. बाबांच्या प्रोजेक्टला माझा जुना पत्ता माहीत होता. मी बिऱ्हाड बदललं हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

तिने बाबांचा प्रोजेक्ट उघडला. पडद्यावर एक पाटी आली, की अमुक फाइल सापडत नाही. अशा पाट्या वाचतं कोण! तिने फटकन बंद केली.

आणि पडद्यावर बाबा आले. माझ्याशिवाय.

काय सांगू तुम्हाला! मी शेजारच्या फोल्डरमधून बघत होते. कपाळ पिवळं. गाल पिवळे. हातावरच्या शिरांभोवतीची कातडी पिवळी. आणि डोळे, अहो, डोळ्यांचं बुबूळ सोडून बाकी सगळं पिवळं.

मालकीण आधी चिडली. "मॉनिटर गेला वाटतं." केबल हलवली. पडदा बंद करून चालू केला. बाबा पिवळेच.

"मिश्या, इकडे ये. बाबांनी नवा दिवा लावलाय का बघ. काय रंग आलाय हा!"

मिश्या खुर्ची ओढत आला. त्याने पाहिलं. काहीतरी चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "कागद बघ."

टेबलावर बाबांच्या कोपराशी नव्या कागदाचा गठ्ठा होता. पांढराशुभ्र, दुधासारखा. दिवा पिवळा असता तर कागदही पिवळा दिसला असता. मॉनिटर बिघडला असता तरी कागद पिवळा दिसला असता. कागद पांढरा होता.

 मालकिणीने मागच्या आठवड्याची क्लिप उघडली. कागद पांढरा, बाबा पिवळे. त्याच्या मागची उघडली. थोडे कमी पिवळे. त्याच्याही मागची. मागे मागे जात ती पहिल्या व्हिडिओपाशी पोचली, तिथे तिचे नेहमीचे सावळे बाबा होते, डोळे स्वच्छ. तिथून तिने पुन्हा पुढे यायला सुरुवात केली. दर आठवड्याला एक पायरी. इतके दिवस हे सगळं तिच्याच कॉम्प्युटरात पडून होतं!

"मी दर आठवड्याला बघत होते रे त्यांना," ती म्हणाली. "मोठं करून बघत होते."

 मिश्या पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरून उभा राहिला.

मग चालू राहिलेल्या नव्या क्लिपचा शेवट आला. तो शेवट ती कधीच ऐकायची नाही. काम संपलं तरी बाबा चित्रीकरण बंद करायचं विसरायचे, आणि ती ते शेपूट न ऐकताच छाटायची. आज तिचा हात चालला नाही. टेबल रिकामं होतं आणि आवाज तेवढे येत होते.

आधी आईचा. "अहो, जरा आरशात बघा. डोळे बघा कसे पिवळे झालेत. जेवणही कमी झालंय तुमचं. डॉक्टरांकडे जाऊ या."

"आरसा जुना झालाय," बाबांचा आवाज.

"आणि माझे डोळे? तेपण जुने झाले का?"

"हे बघ. हा ठकूने पाठवलेला व्हिडिओ. कालचाच आहे. कुठे आहे पिवळा, दाखव बरं? अगं, ती मोठ्या पडद्यावर बघते मला. तेच तर तिचं काम आहे. काही असतं तर तिला दिसलं नसतं का?"

आईची पावलं आत गेल्याचं ऐकू आलं.  पुरावाच दाखवला होता ना! तो पुरावा म्हणजे मी. माझ्यासारख्या चिमूटभर फाइलीने एका बाईला तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला लावला. 

मालकिणीने फोन उचलला. दोनदा भलताच नंबर लागला, शेवटी मिश्यानेच लावून दिला. व्हिडिओ कॉल. बाबांनी घेतला आणि अर्थातच कानाला लावला.

"बोल ठकू!"

"बाबा, फोन डोळ्यांसमोर धरा."

"अगं, काय झालं? आवाज का असा?"

"बाबा, तुमच्या पाया पडते. फोन समोर धरा!"

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पहिल्यांदाच त्यांनी फोन खरंच समोर धरला. मला तो पडदा दिसत नव्हता, मला फक्त तिचा चेहरा दिसला. तेवढा पुरला.

"आईला द्या," ती म्हणाली. "आई, तू म्हणतेस ते खरं आहे. माझा व्हिडिओ खोटा आहे. ऐकतेस ना? मी रंग बदलते त्यात. बाबा पिवळेच आहेत. आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलाव आणि दवाखान्यात ने त्यांना. मी निघाले."

पलीकडून आई फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं तर."

पर्स उचलण्याआधी मालकिणीने माउस धरला, मला "घरचं" मधून ओढलं आणि कचऱ्यात फेकलं. निरोप नाही, काही नाही. आणि गेली.

कचऱ्यातले दिवस काय वर्णावे! आजूबाजूला "खरंच फायनल" आणि "हाच घ्या". वर काही बातमी नाही. मिश्या येऊन काम करायचा, फोन वाजला की खोलीबाहेर जायचा. परत आला की त्याच्या तोंडाकडे बघून काही कळायचं नाही, मिशाच एवढ्या! एकदा तर त्याने कचरा रिकामा करायला कर्सर आणला. मी देवाचं नाव घेतलं. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "ताई आल्यावर बघू," आणि गेला.

ताई आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, पण पावलं हलकी होती. मिश्या उठूनच उभा राहिला.

"पित्ताच्या नळीत खडा अडकला होता," ती म्हणाली. "काढला. ती खाजही काविळीचीच होती, आणि आत पू धरायला लागला होता रे. डॉक्टर म्हणाले, आणखी घरी बसला असता तर माणूस हातचा गेला असता."

"आता?"

"आता नर्सला शिकवतायत, केसपेपरची फाइल कशी शिवावी ते."

मिश्या हसायला लागला आणि हसता हसता त्याने बाहीने नाक पुसलं. मीही रडले असते. आमच्यात तशी सोय नाही.

मग ती बसली आणि कचरा उघडला. मला वाटलं, संपलं आपलं. पण तिने मला बाहेर काढलं. "हिला कशाला शिक्षा?" ती मिश्याला म्हणाली. "लावली मी होती. वर एकदाही काढून बघितलं नाही." तिने मला लग्नांच्या फोल्डरमध्ये ठेवलं. बाबांच्या प्रोजेक्टमध्ये आता काहीच आपोआप लागत नाही.

दवाखान्यातून रोज बाबांची छोटीशी क्लिप यायची. ती तशीच्या तशी बघायची, शेपटासकट, आवाजासकट. बाजूला खाटेवरची पांढरी चादर आणि बाबांचे डोळे, दोन्ही आळीपाळीने बघायची. दरवेळी पिवळा थोडा उतरलेला. पहिल्या क्लिपांत बाबांचं आपलं एकच, "ठकू, ती तुझी टवटवी लाव की गं. फार म्हातारा दिसतोय मी." आणि मागून आई, "काही नको! आहे तसा दिसू दे. मला माझा नवरा बघू दे."

मी तुम्हाला काय सांगणार, मी एवढीशी फाइल. मला खुशाल लावा. लग्नात लावा, साबणाला लावा, मांजरीला लावा. पण आपलं माणूस असेल ना, तर आधी मला बाजूला सारा आणि मग बघा. आणि घरातली बाई "पिवळे दिसताय" म्हणाली तर तिच्यापुढे मोबाईल नाचवू नका.

परवा बाबांचा पहिला मोठा व्हिडिओ आला. त्याच खिडकीत, त्याच टेबलाशी. थोडे वाळलेत, सदरा खांद्यावरून ओघळतो. समोर एक जीर्ण पुस्तक, त्याची पानं चांगली पिवळी, आणि शेजारी नवा पांढरा कागद. बाबा शिवत होते आणि एकदाही खाजवलं नाही. मालकिणीने पूर्ण व्हिडिओ पाहिला. मग तिने काय केलं असेल? बाबांच्या चेहऱ्याभोवती एक गोल काढला आणि फक्त त्या गोलात मला बोलावलं.

मी भीत भीत गेले. कपाळ शोधलं, गाल शोधले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत डोकावले. खायला काहीच नव्हतं. तिने मला लावलं, काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. बाबा तसेच.

"बघ," ती मिश्याला म्हणाली, "काही फरक नाही." आणि तोंडावर हात ठेवून ती ढसाढसा रडली.

मग तिने मला परत माझ्या जागी ठेवलं. जन्मभर मी पिवळ्यावर जगले. त्या दिवशी उपाशी परतले, आणि तेवढं पोट माझं आजवर कधी भरलं नव्हतं.